ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाहीं

शाळांविषयीं जे कायदे होतात ते वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. वकील ते अर्थासाठीं वाचतात, अधिकारी अंमलासाठीं वाचतात आणि इतर बहुतेक जण ते न वाचतांच त्यांविषयीं मत देतात. तथापि टीकाकाराच्या दृष्टीनें ते वाचण्यासारखे असतात. एखाद्या ग्रंथाची परीक्षा करतांना त्यांत काय लिहिलें आहे एवढेंच आपण पाहत नाहीं. काय लिहावयास हवें होतें आणि तें कां राहिलें, हेंहि पाहतों. हीच कसोटी कायद्याला लावली तर समाजाला कशाची इच्छा आहे आणि त्या इच्छेसाठीं पदरचें किती खर्चण्याची त्याची तयारी आहे, या दोहोंमधील अंतर स्पष्ट दिसूं लागतें. शाळेंतील ग्रंथालय या विषयावरील कांहीं कायदे, नियम व अहवाल यांची अशी परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय लहान दिसतो. परंतु आपलीं मुलें कांहीं वाचीत नाहींत ही तक्रार ज्या घरांत रोज निघते, त्या घराला तो लहान वाटणार नाहीं.

प्रथम आपल्या देशांतील मुख्य कायदा घेऊं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याला जोडलेल्या अनुसूचींत प्रत्येक शाळेंत किमान काय असावें हें सांगितलें आहे. ही अनुसूची मोठी नाहीं, पण तिची भाषा बहुतेक ठिकाणीं काटेकोर आहे. पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक; सहावी ते आठवीच्या वर्गांत दर ३५ मुलांमागें निदान १; पांचवीपर्यंत वर्षाचे कामाचे दिवस २०० व पुढें २२०; शिक्षकाचे आठवड्याचे तास, तयारीचा वेळ धरून, ४५. इमारत, पिण्याचें पाणी, मुलगे व मुली यांसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें, क्रीडांगण, कुंपण, मध्यान्ह भोजन शिजविण्याची जागा, या सर्वांची तींत नोंद आहे. वरच्या वर्गांतील मुलांची संख्या १०० हून अधिक झाली तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अर्धवेळ निदेशक असावे, असेंहि तींत आहे.

याच अनुसूचींत ग्रंथालयाची बाब येते. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें आणि त्यानें वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें पुरवावीं, असा तिचा आशय आहे. मजकूर तेथेंच संपतो. पुस्तकें किती, जागा केवढी, आठवड्यांतून वेळ किती, यांचा आंकडा नाहीं. आणि माणसाचें तर नांवच नाहीं. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पुरविणें ही क्रिया आहे, पुस्तकें हें कर्म आहे आणि ग्रंथालय हा कर्ता आहे. पण या कर्त्याला हातपाय नाहींत. कपाट आपण होऊन उघडत नाहीं, आणि तिसरींतल्या मुलीला हवें असलेलें पुस्तक वरच्या फळीवरून आपण होऊन खालीं येत नाहीं. हस्तकौशल्य शिकविण्यास स्वतंत्र माणूस लागतो हें ज्या अनुसूचीला सुचलें, तिला पुस्तक देण्यासहि माणूस लागतो हें सुचलें नाहीं.

हा केवळ नजरचुकीचा प्रकार असता तर त्यावर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. शिक्षकाच्या पात्रतेविषयीं हाच कायदा फार दक्ष आहे. किमान पात्रता राष्ट्रीय पातळीवर ठरावी, ती नसलेल्यास नेमूं नये, असें तो सांगतो; शिक्षक पात्रता परीक्षा त्यांतूनच निघाली. म्हणजे कामाला योग्य माणूस असावा हें तत्त्व कायदेमंडळास मान्य होतें. ग्रंथालयाच्या बाबतींत मात्र त्यांत कांहीं काम आहे असेंच त्यास वाटलें नाहीं. ग्रंथालय म्हणजे एक वस्तु, जशी घंटा किंवा फळा. एकदां आणून ठेवली कीं झालें, अशी ही समजूत आहे. आमच्या मतें सारें दुखणें या समजुतींत आहे.

माणसावांचून ग्रंथालयाचें काय होतें हें ज्यांनीं शाळा पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. पुस्तकें येतच नाहींत असें नाहीं. १९८७ सालीं सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेंत प्राथमिक शाळांना साहित्याबरोबर पुस्तकेंहि मिळालीं. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेंत सरकारी शाळांस त्यांच्या पायरीप्रमाणें वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान ठेविलें आहे. पुस्तकें येतात, त्यांवर शिक्के बसतात, दाखलनोंदवहींत क्रमांक पडतात, आणि तीं एका शिक्षकाच्या ताब्यांत दिलीं जातात. हा शिक्षक आधींच वर्ग, परीक्षा, आहाराच्या नोंदी, निवडणुकीच्या याद्या यांनीं वेढलेला असतो. पुस्तकें मुलांच्या हातीं पडावीं म्हणून त्याला कोणी शाबासकी देत नाहीं. पण वर्षअखेरच्या मोजणींत दहा पुस्तकें कमी भरलीं तर त्यास जाब द्यावा लागतो, आणि प्रसंगीं पैसेहि भरावे लागतात. अशा स्थितींत तो शहाणा मनुष्य काय करील? तो कपाटाला कुलूप लावील. आम्ही त्याला दोष देत नाहीं. त्याच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींहि तेंच केलें असतें.

कार्यालयीन मराठींत शाळेच्या बाकें-खुर्च्यांच्या नोंदवहीला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. पुस्तकांची नोंदवही वेगळी असते. पण पुस्तकांविषयींची वृत्ति त्याच वहीची असते. जो संग्रह कमी होऊं नये एवढीच अपेक्षा, त्याला जड हेंच विशेषण योग्य होय. वास्तविक ज्या शाळेंतून वर्षांत एकहि पुस्तक फाटत नाहीं व एकहि हरवत नाहीं, त्या शाळेची चौकशी व्हावयास हवी. कारण तेथें मुलांनीं पुस्तकांना हात लावलेला नसतो. शिकलेल्या ग्रंथपालाला हें सांगावें लागत नाहीं. पुस्तकें झिजतात, कांहीं जातात, कांहीं जुनीं होऊन काढून टाकावीं लागतात, आणि तीं काढून टाकणें हाहि व्यवसायाचा भाग आहे, असें त्याला शिकविलेलें असतें. ज्याला हें शिकविलेलें नाहीं तो १९७० सालचा भूगोल आणि गेल्या वर्षीं आलेलें चित्रांचें पुस्तक यांना एकाच फळीवर, सारख्याच ममतेनें, म्हणजे सारख्याच भीतीनें, जपून ठेवतो.

या विषयांत आपल्याकडे पूर्वीं विचार झाला नाहीं असें मात्र नाहीं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. अशा शिक्षणानें साक्षर झालेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचावयास कांहीं नसेल तर चार-पांच वर्षांत पुन्हां निरक्षर होतो. यावर इलाज म्हणून त्यांनीं नुसतीं पुस्तकें मागविलीं नाहींत, माणूस मागविला. विल्यम अॅलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० सालीं बडोद्यास बोलावून राज्यांतील ग्रंथालयांची रचना त्याच्याकडे सोंपविली. बोर्डेन १९१३ पर्यंत येथें होता. मध्यवर्ति ग्रंथालय, खेड्यापाड्यांतील वाचनालयें, पेट्यांतून गांवोगांव फिरणारीं पुस्तकें, हें सर्व त्या काळांत उभें राहिलें. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यानें १९११ सालींच ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला. इमारत, पुस्तकें आणि शिकलेला माणूस या तिन्हींचा विचार एकदम झाला, म्हणून ती व्यवस्था त्याच्या मागेंहि चालली. एका संस्थानिकाला जें शंभर वर्षांपूर्वीं दिसलें तें २००९ च्या अनुसूचीला दिसलें नाहीं, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो.

दुसरें उदाहरण डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांचें. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रारंभीं त्यांना तें काम इतकें नीरस वाटलें कीं, परत गणिताकडे जावें असें त्यांच्या मनानें घेतलें. पुढें इंग्लंडास जाऊन त्यांनीं या विद्येचें रीतसर शिक्षण घेतलें, तेथील ग्रंथालयें हिंडून पाहिलीं, आणि त्यांची दृष्टि पालटली. परत आल्यावर १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं तीं आज जगभर शिकविलीं जातात. त्यांतील पहिल्याचा आशय असा कीं, ग्रंथ हे ठेवण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहेत. आणि पुढील दोहोंचा असा कीं, प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक व प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. या चरित्रांतील बोध आमच्या मतें स्पष्ट आहे. रंगनाथन् यांच्याएवढा बुद्धिमान व वाचनप्रिय मनुष्यदेखील शिक्षण घेईपर्यंत या कामांतील अर्थ पाहूं शकला नाहीं. मग रिकाम्या तासाला कपाटाची किल्ली ज्याच्या हातीं पडते, त्या शिक्षकानें तो आपोआप पाहावा अशी अपेक्षा कोणत्या न्यायानें करावी?

आतां एकाच वर्षांतील दोन लेख शेजारीं ठेवून पाहूं. आपल्या देशांत डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाचा अहवाल १९५३ सालीं आला. सर्व माध्यमिक शाळांत प्रशिक्षित ग्रंथपाल असावे, त्यांना पुस्तकांची आवड व विद्यार्थ्यांच्या रुचीची जाण असावी, आणि सर्वच शिक्षकांना ग्रंथालयाच्या कामाची मूलतत्त्वें शिकवावीं, अशी त्याची शिफारस आहे. या शिफारशींत आजहि बदलण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. केवळ पदवी पुरे म्हटलें नाहीं, केवळ आवड पुरे म्हटलें नाहीं, दोन्ही मागितल्या. परंतु शिफारस ती शिफारस. पुढील पिढ्यांनीं तिचा आदरानें उल्लेख केला आणि तिच्यावांचून काम चालविलें.

त्याच १९५३ सालीं जपाननें शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. त्या देशाचीं शहरें त्या वेळीं नुकतींच राखेंतून उठत होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कायद्याचें मोल कळतें. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असलेंच पाहिजे, आणि त्यासाठीं विशेष शिक्षण घेतलेला ग्रंथपाल-शिक्षक असलाच पाहिजे, असें त्यानें ठरविलें. येथवर वाचणारा मनांतल्या मनांत टाळी देतो. पण कायद्याच्या शेवटीं पुरवणीच्या कलमांत एक सवलत होती: तूर्त असा शिक्षक नेमला नाहीं तरी चालेल. कारण खरें होतें. इतकीं शिकलेलीं माणसें तेव्हां मिळणारच नव्हतीं. मात्र हें तूर्त किती काळ टिकावें? तें १९९७ सालच्या दुरुस्तीपर्यंत जसेंच्या तसें टिकलें, आणि त्या दुरुस्तीनेंहि सक्ति लागू झाली ती एप्रिल २००३ पासून. म्हणजे एका क्रियाविशेषणानें पन्नास वर्षें एका संबंध कलमाला निजवून ठेविलें. १९५३ सालीं पहिलींत बसलेला जपानी मुलगा, कायदा खरोखर लागू झाला तेव्हां, निवृत्तीच्या वयाला टेकला होता.

एवढ्यावरहि कथा संपत नाहीं. बारा किंवा अधिक वर्ग असलेल्या शाळांनाच ती सक्ति आहे. त्याहून लहान शाळांना तूर्त आजहि लागू आहे. शिवाय हा ग्रंथपाल-शिक्षक बहुधा आपला वर्ग सांभाळूनच तें काम करतो. त्यामुळें पुढें २०१४ सालीं पुन्हां दुरुस्ती करून ग्रंथालयाचेंच काम करणाऱ्या वेगळ्या सेवकाला कायद्यांत स्थान द्यावें लागलें, आणि तेंहि असा सेवक नेमण्याचा प्रयत्न करावा, एवढ्याच शब्दांत. तरीसुद्धां आपल्या व जपानच्या लेखांत एक मोठा फरक आहे. त्यांच्या कायद्यांत माणसाचें नांव होतें, म्हणून तें नांव पुढें करून कोणाला तरी पन्नास वर्षें भांडतां आलें. आपल्या अनुसूचींत तें नांवच नसल्यामुळें भांडावयाचें कशाला धरून, हाच प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ग्रंथालयांसाठीं पुरेशा सेवकवर्गाची भाषा केली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आपण महाराष्ट्रीयांनीं मात्र अगदींच हात झाडून मोकळें होण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे माध्यमिक शाळांच्या सेवकांच्या आकृतिबंधांत ग्रंथपालाचें पद आहे. परंतु तें मिळतें विद्यार्थ्यांच्या संख्येवर. मोठ्या शाळेला ग्रंथपाल, लहान शाळेला कोणी नाहीं, असा हा हिशेब आहे. वरवर पाहतां तो व्यवहारी वाटतो. पण तो नेमका उलटा पडतो. मोठी शाळा बहुधा शहरांत असते. तेथल्या मुलाच्या घरीं पुस्तकें असतात, गल्लींत वाचनालय असतें, पुस्तकांचें दुकान असतें. लहान शाळा डोंगराच्या कुशींत, वाडीवर, पाड्यावर असते; तेथें शाळेच्या कपाटावांचून दुसरें पुस्तक दहा मैलांत नसतें. ज्याला गरज अधिक त्याला माणूस नाहीं, आणि ज्याला गरज कमी त्याला आहे. दुसरी गोष्ट, ग्रंथपालाची गणना लिपिक व प्रयोगशाळा सहायक यांच्याबरोबर शिक्षकेतर वर्गांत होते. त्या सेवकांविषयीं आम्हांस आदर आहे. पण मुलाच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हें ठरविणारा मनुष्य शिकवीत नाहीं असें ज्या वर्गीकरणाला वाटतें, त्याला शिकविणें या शब्दाचा अर्थ पुरता कळलेला नाहीं.

हा दोष आपल्याच देशांत आहे असें मानून खिन्न होण्याचेंहि कारण नाहीं. इंग्लंडांत प्रत्येक तुरुंगांत ग्रंथालय असलें पाहिजे असा नियम आहे; प्रत्येक शाळेंत असलें पाहिजे असा नियम नाहीं. ज्या देशाच्या वाङ्मयावर आमच्यासारख्यांचें पोषण झालें, त्या देशांत पुस्तक मिळण्याचा हक्क अपराध करणाऱ्यास आहे, पण शाळेंत जाणाऱ्यास नाहीं.

आतां या मागणीवरील आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण ते घेणारे लोक मूर्ख नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, पुस्तकांची आवड असलेला कोणताहि शिक्षक हें काम करील. पदवीची अट कशाला? पदवीनें आवड उत्पन्न होत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. ग्रंथालयशास्त्राच्या ज्या अभ्यासक्रमांशीं आमचा परिचय आहे त्यांत वर्गीकरण आहे, तालिकीकरण आहे, संगणक आहे. बालवाङ्मयाला मात्र फारसें स्थान नाहीं. अशी पदवी घेतलेला मनुष्य पुस्तकाचा वर्गांक अचूक सांगेल आणि तें पुस्तक कोणत्या मुलाला आवडेल हें सांगूं शकणार नाहीं, असें होऊं शकतें. म्हणून पात्रता म्हणजे काय हें नीट ठरविलें पाहिजे, एवढेंच या आक्षेपांतून निघतें. पात्रता नकोच असें निघत नाहीं. गोड बोलणाऱ्या माणसाला आपण वैद्य मानीत नाहीं. आणि एखादा वैद्य तुसडा निघाला म्हणून वैद्यकाची परीक्षा बंद करा असेंहि म्हणत नाहीं.

शालेय ग्रंथपालाचें खरें काम कोणतें तें एका उदाहरणानें सांगतों. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून मराठी मुलाच्या हातीं वडील माणसें तीच प्रथम देतात. पुस्तक त्या मानास पात्र आहे. पण तें वाचून ज्याचें मन भरून आलें त्या मुलीला पुढें काय द्यावें? आणि ज्याला तें पुढें वाचवलें नाहीं त्या मुलाला काय द्यावें? त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा, कीं ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या द्यावा, कीं किड्यामुंग्यांचें सचित्र पुस्तक द्यावें? ज्याला जोडाक्षर अजून अडतें त्या सहावींतल्या मुलाला, त्याचा अपमान न होतां, सोपें पुस्तक कसें द्यावें? ज्याच्या घरची बोली कोरकू किंवा भिली आहे त्याला पहिलें मराठी पुस्तक कोणतें द्यावें? १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक कोणत्या वर्गाच्या उपयोगाचे आहेत? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास मुलें माहीत असावीं लागतात व पुस्तकेंहि माहीत असावीं लागतात. शिक्षकाला बहुधा पहिलें साधतें, पदवीधर ग्रंथपालाला दुसरें. दोन्ही साधणारा मनुष्य आपोआप उपजत नाहीं; तो तयार करावा लागतो.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. ग्रंथपाल नेमल्यानें मुलांची प्रगति होते हें सिद्ध झालें आहे काय? अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांतील शाळांचा कीथ करी लान्स व त्यांचे सहकारी यांनीं केलेला अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें ग्रंथालयाला माणसें व पुस्तकें यांचा भरणा चांगला, तेथें मुलांचे वाचनपरीक्षेंतील गुणहि चांगले, आणि वस्तींतील गरिबी-श्रीमंतीचा हिशेब धरला तरी हा संबंध उरतो, असें त्यांस आढळलें. पुढें इतर राज्यांतहि असे अभ्यास झाले. तथापि दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. जी शाळा ग्रंथपाल ठेवते ती इतर बाबतींतहि चांगली चाललेली असण्याचा संभव आहे. म्हणून या अभ्यासांवर आमची सारी भिस्त नाहीं. आमचें म्हणणें अधिक साधें आहे. न उघडलेल्या पुस्तकाचा उपयोग होत नाहीं, हें सिद्ध करण्यास आंकड्यांची गरज नाहीं. आणि तें उघडलें जावें ही कोणा एकाची जबाबदारी नसेल तर तें उघडलें जात नाहीं, हें आपण पाहत आहों.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां प्रत्येकाच्या हातीं फोन आहे. ग्रंथपालाचें काय काम? फोन विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतो. दहा वर्षांच्या मुलाची अडचण ही कीं, काय विचारावें हें त्यास ठाऊक नसतें. आणि न विचारतां फोन जें पुढें करतो, तें त्या मुलाच्या हितासाठीं निवडलेलें नसून त्यानें पडद्यापुढून हलूं नये यासाठीं निवडलेलें असतें. अशा काळांत मुलाच्या बाजूनें निवड करणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. आमच्याकडे महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना आम्ही अनेक वर्षें एक प्रश्न विचारीत आलों आहों: शाळेंत असतांना स्वतः निवडून घेतलेलें, परीक्षेशीं संबंध नसलेलें एक पुस्तक सांगा. बुद्धिमान, कष्टाळू, शेंकड्यांत नव्वद गुण मिळविलेलीं मुलें या प्रश्नाला गप्प राहतात. त्यांचें वाचन झालें नाहीं याहूनहि आम्हांला खटकतें तें हें कीं, निवडण्याचा प्रसंगच त्यांच्यावर कधीं आला नाहीं. पुढें मत देतांना, मित्र करतांना, व्यवसाय धरतांना निवड करावी लागते; तिचा पहिला सराव पुस्तकाच्या फळीपुढें होतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा. पुस्तकांचें अनुदान वर्षाला कांहीं हजार. ग्रंथपालाचें वेतन त्याच्या कित्येक पट. वीस-तीस मुलांच्या शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल द्या असें म्हणणारा मनुष्य खजिन्याचा विचार करीत नाहीं, असेंच कोणीहि म्हणेल. आम्हीहि तसें म्हणत नाहीं. पण महाराष्ट्रांत प्राथमिक शाळांचीं केंद्रें बांधलेलीं आहेत. एका केंद्रशाळेच्या आसपासच्या अनेक शाळा तिला जोडलेल्या असतात. एका केंद्रांत १० शाळा धरल्या आणि एक शिकलेला ग्रंथपाल नेमला, तर प्रत्येक शाळेला आठवड्यांतून अर्धा दिवस देऊन त्याचे पांच दिवस भरतात. त्यानें बरोबर पुस्तकांची पेटी न्यावी, या शाळेंतील वाचून झालेलीं पुस्तकें पुढच्या शाळेंत द्यावीं, आणि मागें राहणाऱ्या शिक्षकाला आठवड्याचें काम सांगून यावें. दहा कपाटांतील पुस्तकें मग प्रत्येक मुलाचीं होतात. प्रत्येक शाळेनें तींच तींच शंभर पुस्तकें पुन्हां विकत घेण्याचें कारण उरत नाहीं. बडोद्याच्या राज्यांत फिरत्या पेट्या ज्या काळांत चालल्या त्या काळांत रस्तेहि धड नव्हते.

या सर्व विवेचनावरून नियम कसा असावा हें सांगणें कठीण नाहीं. अनुसूचींतील त्या बाबीला दोन वाक्यें जोडावीं. एक असें कीं, ग्रंथालय पात्र ग्रंथपालाच्या हातीं असावें. मोठ्या शाळेस स्वतंत्र, लहान शाळांस मिळून. दुसरें असें कीं, या पात्रतेंत ग्रंथालयशास्त्राबरोबर बालवाङ्मय व बालमन यांचा अभ्यास असावा आणि अशा ग्रंथपालाची गणना शिक्षकांत व्हावी. आज पुरेशीं माणसें नाहींत हें उघड आहे. म्हणून मुदत द्यावी, पण ती वर्षांच्या आंकड्यानें द्यावी. तूर्त हा शब्द त्या कलमांत येऊं देऊं नये. पुस्तकें हरवण्याविषयींचा हिशेबाचा नियमहि बदलावा, आणि वापरानें होणारी कांहीं घट दरसाल मान्य धरावी. हें शेवटचें करण्यास एक पैहि लागत नाहीं.

कायदा बदलेपर्यंत आपण काय करावें, असें वाचक विचारतील. २००९ च्या त्याच कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति ठेवण्यास सांगितलें आहे, आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे असेंहि सांगितलें आहे. इतर शाळांत पालक-शिक्षक संघ असतात. या मासिकाचे वाचक जेथें पालक म्हणून बसतात तेथें निकाल, गणवेश व सहल यांची चर्चा बहुधा होते. पुढच्या बैठकींत त्यांनीं तीन प्रश्न विचारावे: ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, या कामासाठीं त्यांना आठवड्यांत किती तास मोकळे दिले आहेत, आणि गेल्या महिन्यांत किती पुस्तकें मुलांच्या घरीं गेलीं? उत्तरें बैठकीच्या वृत्तांतांत लिहून घ्यावीं, आणि पुढच्या महिन्यांत तेच प्रश्न पुन्हां विचारावे.